बिनखिळ्याचं गुऱ्हाळ

मल्लेशम सर गेल्यापासून जो तो त्यांच्याबद्दल चांगलंच बोलतो. काय हात होता, काय सफाई होती, असा माणूस पुन्हा होणे नाही, वगैरे. हे बोलणाऱ्यांपैकी एकानेही त्यांच्याकडून काही बांधून घेतलेलं नाही. मी घेतलंय. करकंबच्या शिवारात माझ्या उसाच्या कडेला सरांनी बांधलेलं गुऱ्हाळ उभं आहे, आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी माझं डोकं अजून तापतं. त्यामुळे माझ्याकडून गोडगोड ऐकायला मिळेल अशी आशा कुणी धरू नये.

आम्ही दोघं सोलापुरातल्या एकाच शाळेत. मी शास्त्र शिकवतो, ते सुतारकाम शिकवायचे. माझ्यापेक्षा बरेच मोठे. घर विणकरांचं, तेलुगू बोलणारं. वडील हातमागावर बसायचे, पण सरांना कापडापेक्षा मागाच्या लाकडाचं वेड. हातमागाच्या सांगाड्याला खिळा चालत नाही. माग दिवसभर हादरतो, खिळा ढिला होतो आणि लाकूड फाटतं. म्हणून एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला भोक पाडायचं, जीभ भोकात बसवायची आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. सर हे लहानपणी एका मागाच्या सुताराकडे शिकले आणि त्यानंतर जन्मभर त्यांनी खिळा हातात धरला नाही. घरातलं कॅलेंडरसुद्धा लाकडी खुंटीला टांगलेलं असायचं.

शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पॉलिशपेपरची घडी. चहाच्या टपरीवर बसलो, की यांचं बोट टेबलाच्या कडेवरून फिरायला लागायचं, आणि कुठे खरखरीत लागलं की घडी बाहेर. चहा गार व्हायचा, टपरीवाला बघत राहायचा, आणि सर दुसऱ्याचं टेबल घासत बसलेले. एकदा आमच्या एका शिक्षकाच्या मुलीच्या लग्नात हे मंडपातल्या खुर्चीचा हात घासत बसले आणि अक्षता टाकायच्या राहिल्या. त्या मग घरी जाताना खिशात सापडल्या, पॉलिशपेपरच्या भुश्शात.

आणि तोंडात एक शब्द कायम. आगू. तेलुगूत आगू म्हणजे थांब. पोरगं करवत चालवायला गेलं की आगू. शिपाई घंटा द्यायला गेला की आगू. कुणी म्हणालं, सर झालं की आता, की तळहात पुढे करून, 'आगू, आगू, एक सूतभर फरक आहे.' हा सूतभर फरक दुसऱ्या कुणाला दिसलेला मला तरी आठवत नाही. रागावले की मात्र अहो-जाहो सुरू करायचे. सरांनी 'शिंदे साहेब' म्हटलं की मी समजायचो, आज काही खरं नाही.

हेडबाईंचं टेबल हलायचं, म्हणून त्यांनी एकदा सरांना सांगितलं, जरा बघा. सरांनी टेबल उचलून वर्गात नेलं आणि शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बाई दोन बाकं जोडून सह्या करत होत्या. मध्ये मध्ये विचारायला जायच्या. सर म्हणायचे, 'पाय झालेत बाई, पण आता वरची फळी पायांना शोभत नाही.' टेबल परत आलं तेव्हा खरंच सुंदर झालं होतं. फक्त पूर्वीपेक्षा चार बोटं ठेंगणं. बाईंनी त्यावरून एकदा हात फिरवला. त्यांनी खुर्ची बदलली.

हे सगळं माहीत असताना मी या माणसाला गुऱ्हाळ बांधायला दिलं. देणं कसलं, त्यांनी घेतलं.

झालं असं, की दरवर्षी कारखान्याच्या तोडीची वाट बघून सुनंदा, म्हणजे माझी बायको, वैतागली होती. शेत तीच बघते. मी शनिवार-रविवारचा शेतकरी. तिने ठरवलं, औंदा आपला ऊस आपण गाळायचा, आपला गूळ करायचा. बाजीराव नावाचा चांगला गुळव्या तिने संक्रांतीनंतरच्या आठवड्यासाठी ठरवून ठेवला. गुळव्या म्हणजे रस आटवून गूळ धरणारा माणूस, आणि हंगामात तो मिळणं म्हणजे लग्नसराईत मंगल कार्यालय मिळण्यासारखं. लोखंडी पाईपांवर पत्र्याची शेड उभी करायला फॅब्रिकेशनवाला आठवड्यात तयार होता. हे मी स्टाफरूममध्ये बोललो, तिथे माझं चुकलं. सरांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण डबा खायला ते रोज शाळेत यायचे.

'लोखंड?' सर म्हणाले. 'वाफेत लोखंड ठेवतोस? दोन वर्षांत गंज गुळात पडेल. लाकडाचं बांध.'

'लाकडाचं कोण बांधून देतंय आता, सर?'

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. 'मी.'

मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोचा, पद्माक्कांचा, फोन आला. त्या म्हणाल्या, 'शिंदे सर, नाही म्हणू नका. त्यांचे हात हलायलेत. डॉक्टर म्हणाले, वाढत जाणार. जन्मभर स्टुलं आणि डस्टर केली त्यांनी. एकदा तरी माणूस आत उभा राहील असं काहीतरी बांधायचंय म्हणतात. अजून पटाशी धरता येते तोवर होऊ द्या.'

आता यावर माणूस काय बोलणार. सुनंदा म्हणाली, 'हरकत नाही, पण संक्रांतीच्या आत झालं पाहिजे. उसाला तुरा आला की गोडी उतरती. मी कारखान्याच्या टोळीला नको म्हणून सांगितलंय.' मी सरांना ते दहा वेळा सांगितलं. सर दहाही वेळा म्हणाले, 'होईल की.'

सगळा पावसाळा लाकूड निवडण्यात गेला. मी बाभळीचे सोट दाखवले, नाकारले. माढ्याच्या वखारीतले लिंबाचे दाखवले, त्यांना कान लावून, बोटाने टकटक करून नाकारले. वखारवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, 'पाव्हणं डॉक्टर हायत का?' शेवटी आमच्याच बांधावरची दोन वाळलेली लिंबं त्यांना पसंत पडली. ती मी पहिल्याच दिवशी दाखवली होती. तेव्हा म्हणाले होते, आगू.

दिवाळीनंतर सर शेतातल्या खोलीवर राहायला आले. सोबत मधुमेहाच्या गोळ्या, बिनसाखरेच्या चहाबद्दल रोजची तक्रार आणि हत्यारांची पेटी. काम करताना बघावं तर डोळ्यांचं पारणं फिटायचं, हे मी कबूल करतो. हात हलायचा, पण पटाशी लाकडाला टेकली की हलायचा थांबायचा. पटाशी उचलली की पुन्हा सुरू. भोकं पाडली, जिभा काढल्या. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात बसवायला तिरके टेकू केले. त्यांना ते 'तिरकी' म्हणायचे. वाफ जायला माथ्यावर मोकळी फट ठेवून त्यावर छोटं वेगळं छप्पर आखलं. सगळं कसं अगदी चित्रातल्यासारखं. आणि मग एक दिवस खांब उभे करायला गावातली माणसं जमवली, सहा खांब उभे झाले, लोक टाळ्या वाजवायच्या बेतात, तोच सर ओळंबा धरून म्हणाले, 'आगू. हा काढा.'

'का?' मी विचारलं.

'कलायलाय.'

'कुठं कलतोय?' 

'तिकडं.' त्यांनी माळाकडे हात केला. माणसांनी खांब काढला. पुन्हा बसवला. पुन्हा काढला. तिसऱ्या वेळी माणसं म्हणाली, 'मास्तर, आमाला बी घरची कामं हायत,' आणि निघून गेली. तो एक खांब आठवडाभर आडवा पडून होता. सर त्याला घासत बसायचे. सुनंदा रोज सकाळी उसाकडे बघायची, मग त्या खांबाकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जे बघायची ते मी लिहीत नाही.

मी सरांना म्हणालो, 'सर, अहो गुऱ्हाळ आहे ते. चिपाड जाळायचं, धूर करायचा, मळी सांडायची. देऊळ नाही.'

सर म्हणाले, 'देवळात एवढा हादरा नसतो.'

संक्रांत आली आणि गेली. उसाच्या टोकाला पहिले तुरे दिसायला लागले. लोक रस्त्यावरून जाताना म्हणतात, किती छान दिसतो तुऱ्याचा ऊस. मी मात्र बांधावर उभा राहून तुरे मोजायचो. बाजीरावने निरोप धाडला, की ठरलेल्या दिवशी मी येणार, चूल तयार नसली तर पुढच्या गावाला जाणार, मग मला बोल लावायचा नाही. सुनंदाने सरांसमोर तो निरोप जशाच्या तसा सांगितला. सर ऐकून घेऊन म्हणाले, 'बाजीरावला म्हणावं ये.' आणि, खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात त्यांनी जे काम ओढलं ते बघून मी चाट पडलो. खांब सरळ झाला. तुळया चढल्या, वासे चढले, पत्रे चढले. पत्रेसुद्धा कसे, तर वाशांत लाकडी चापात अडकवून. शेवटची खुंटी त्यांनी स्वतः ठोकली. खांबाला टेकून उभे राहिले. पद्माक्कांना फोन लावला आणि तेलुगूत एवढंच बोलले, की झालं. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुठल्या कामाबद्दल तो शब्द वापरला असेल.

दुसऱ्या दिवशी बाजीराव ट्रॅक्टरवर काहील घेऊन आला.

काहील म्हणजे रस आटवायची लोखंडी कढई. चार माणसं आत मांडी घालून जेवायला बसतील एवढी. सरांनी तिचं माप आधीच मागवलं होतं. त्या मापाचं चुलवाण आत खणून, लिंपून तयार होतं. बाजीरावने गुऱ्हाळाला एक चक्कर मारली, खांबांवरून हात फिरवला, वर बघितलं.

'मास्तर, काम एक नंबर झालंय,' तो म्हणाला. 'आक्षी बघत ऱ्हावं असं. पर ही आत कुटनं न्यायची?'

आम्ही सगळे खांबांमधल्या जागेकडे बघायला लागलो. आडवी न्यावी तर दोन खांबांतलं अंतर कमी. उभी करून गडगडत न्यावी तर तुळई खाली. कलती करून घालावी तर कोपऱ्यातली तिरकी आडवी. सगळ्या बाजूंनी बघून झालं. सरांनी आतल्या जागेचं माप सुतासुताने घेतलं होतं, आणि आत यायला वाट ठेवायची राहिली होती. सर टेप काढून काहीलीचं माप पुन्हा पुन्हा घ्यायला लागले, जणू ती मधल्या काळात वाढली होती.

'मागाचा कापड गुंडाळायचा रोळ वरनं ठेवतात,' ते स्वतःशीच म्हणाले. 'माग बांधून झाल्यावर. शेवटी.'

'सर, मागाला छप्पर नसतं,' मी म्हणालो.

'नसतं की.'

बाजीराव म्हणाला, 'लई इचार करू नका. ही एक तिरकी करवतीनं कापू. काहील आत घिऊ. मग दोन खिळं मारून पुन्ना जोडू. तासाचं काम हाय.'

सर त्या तिरकीच्या पुढे जाऊन उभे राहिले. 'आगू.'

आणि माझा तोल गेला. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. सुनंदा नंतर म्हणाली, विहिरीपर्यंत ऐकू येत होतं. टेबलापासून सुरुवात केली. लिंबाची झाडं काढली, खांब काढला. म्हणालो, 'सर, तुम्ही सगळ्यांना थांबवता. तुरा थांबतो का? हा माणूस पुढच्या गावाला चाललाय, तो थांबतो का? एक तिरकी कापली तर काय आभाळ कोसळणार आहे?'

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'शिंदे साहेब, आपण तिकडे बसा.'

मी उसाच्या मोळीवर जाऊन बसलो. ते पेटीतून लाकडी हातोडा आणि खुंटी मागून ठोकून काढायची एक बोथट खिट्टी घेऊन आले. सुताराचा लाकडी घोडा ओढून त्यावर चढले. खुंटीवर खिट्टी टेकवली आणि ठोकायला लागले. पटाशी लाकडात रुतते, तिला आधार असतो. खिट्टीला नव्हता. हात एवढा हलत होता, की दोन ठोके खुंटीवर, एक बोटावर. सुनंदा पुढे झाली, 'सर, द्या इकडे.' त्यांनी नाही म्हणून मान हलवली. बाजीराव तंबाखू मळायची विसरून बघत राहिला. मी मोळीवरून उठलो नाही. उठून काय करणार होतो. काल ज्या खुंट्या माणूस छाती फुगवून ठोकतो, त्या आज स्वतःच काढतो, हे कुणाला बघवतं.

खुंटी सुटली. दुसरी सुटली. तिरकी अलगद त्यांच्या हातात आली. ना लाकूड फाटलं, ना ढलपी निघाली. बाजीराव म्हणाला, 'खिळा असता तर खांब चिरला असता बगा.' सरांनी तिरकी भिंतीसारखी उभी टेकवून ठेवली. काहील कलती करून पाच जणांनी आत सरकवली आणि चुलवाणावर बसवली.

दुपारपर्यंत चूल पेटली. घाणा सुरू झाला, रस काहीलीत पडला, बाजीरावने मळी काढली आणि वाफ उठली ती सरळ माथ्याच्या फटीतून वर गेली. छपराखाली धूर नाही, घुसमट नाही. घाण्याच्या इंजिनाने जमीन थरथरत होती आणि सर एकेका खांबाला कान लावून ऐकत फिरत होते. कुठेच करकर नव्हती. तुऱ्यामुळे ढेपा अपेक्षेपेक्षा कमी पडल्या, पण गूळ सोन्यासारखा आला. बाजीरावने उसाच्या सालीवर थोडा गरम गूळ घेऊन सरांपुढे धरला. त्यांनी तो नाकाजवळ नेला, डोळे मिटून वास घेतला आणि सुनंदाच्या हातात दिला. 'घरी सांगू नका वास घेतला म्हणून,' ते म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

मला वाटलं, झालं. पण संध्याकाळी बघतो तर सर ती तिरकी मांडीवर घेऊन बसलेले, बोट तिच्या भोकावर.

'काय झालं आता?'

'भोक चेपलंय. ठोके वाकडे पडले ना. ही आता बसवली तर हलणार.'

'किती हलेल?'

'सूतभर.'

'सर, बसवून टाका. हात जोडतो.'

'आगू. नवी करून आणतो.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना सोलापूरच्या एसटीत बसवून दिलं. कंडक्टर तिरकी आत घेऊ देईना. मापासाठी हवी म्हणून सर ती टपावरही ठेवू देईनात. शेवटी मागच्या बाकावर ती गुडघ्यांवर आडवी धरून बसले. बस सुटताना त्यांनी खिडकीतून तळहात बाहेर काढला आणि मोठ्याने म्हणाले, 'शिंदे, मी येईपर्यंत खिळा मारायचा नाही.' हात हलत होता. तो निरोपाचा होता की थांबवायचा, की नुसताच हलत होता, कोण जाणे. मी उत्तर दिलं नाही. मी अजून चिडलेलो होतो. मला आठवतो तो तोच हात, खिडकीबाहेरचा.

मग नुसते फोन. 'सर, झाली का तिरकी?' 'आगू.' होळी झाली, पाडवा झाला. 'सर, झाली का?' 'होतेय की.' पावसाळ्याच्या तोंडावर पद्माक्कांचा फोन आला. सर सकाळी चहा पिताना गेले. अर्धा कप राहिला होता.

भेटायला गेलो तेव्हा अक्कांनी मला आतल्या खोलीत नेलं. दाराआड तिरक्या उभ्या करून ठेवलेल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने तारीख. एक नाही, ढीग. अक्का म्हणाल्या, 'एक झाली की म्हणायचे, ही नाही. हात हलला. मग दुसरं लाकूड घ्यायचे. मी म्हणायची, अहो, नेऊन तरी बघा. ऐकतील तर शपथ.' त्यांनी पदर तोंडाला लावला. 'घेऊन जा सगळ्या. मला बघवत नाही.'

या हंगामाआधी बाजीराव आला तेव्हा आम्ही त्या तिरक्या एकेक करून त्या कोपऱ्यात लावून बघितल्या. पहिली बसली. दुसरी बसली. तिसरीही. जीभ भोकात जायची, हाताने हलवून बघावं तर ढिम्म हलायची नाही. सगळ्या बसल्या. एकीतही सूतभर फरक नव्हता. म्हणजे हा माणूस होळीच्या आतच येऊ शकला असता. काहील उतरताना, चुलीसमोर बसून, शिव्या खात, आणखी एक आधण बघू शकला असता. मला एवढा राग आला, की मी त्या तिरक्या तिथेच टाकून बांधावर जाऊन बसलो. राग कसला, रडूच आलं. सुनंदा पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

परत आलो आणि ढिगातली पहिली, सगळ्यात आधी केलेली, ती उचलली. काहील आत घेतलेली होतीच. मी घोड्यावर चढलो, तिरकी बसवली, भोकात खुंटी धरली आणि हातोडा उचलला.

बाजीराव खालून म्हणाला, 'मास्तर आसते तर म्हणाले आसते की, आगू.'

'असते तर थांबलो असतो,' मी म्हणालो, आणि खुंटी ठोकली.